‘तपासलं की काहीतरी निघतंच’

प्रश्न : माझे मिस्टर ४८ वर्षांचे आहेत. आम्ही सिंहगड रोडला राहतो. ते चाकणला एका कंपनीत सुपरवायझर आहेत, शिफ्ट ड्यूटी असते. दारू नाही, पण तंबाखू-चुना वीसेक वर्षांपासून आहे. सासरे ५२व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मागच्या वर्षी कंपनीच्या मेडिकलमध्ये ह्यांचं बीपी १४८/९४ आलं. तेव्हा म्हणाले, ‘बस चुकेल म्हणून पळत गेलो होतो.’ त्यानंतर कुणी मोजलेलंच नाही. मुलाने मोबाइलवर ९१ तपासण्यांचं पॅकेज शोधलंय, घरी येऊन रक्त नेतात. पण हे ऐकत नाहीत. ‘मला काय धाड भरलीय? महिन्यातून एकदा सिंहगड चढतो. तपासलं की काहीतरी निघतंच,’ हे त्यांचं उत्तर. पॅकेज करावं का? खरंच कोणत्या तपासण्या लागतात? आणि ह्यांना तयार कसं करू?
– एक वाचक, आनंदनगर, पुणे

उत्तर :

ताई, तुमच्या मिस्टरांचं शेवटचं वाक्य आधी घेऊ, कारण ते निम्मं खरं आहे.

रिपोर्टवर प्रत्येक आकड्यापुढे जी ‘नॉर्मल रेंज’ छापलेली असते, ती बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांचे आकडे घेऊन ठरवतात. त्यातल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथे बसतात, ती रेंज. म्हणजे ठणठणीत माणसांपैकीही पाच टक्के लोक त्या रेंजच्या बाहेर पडणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही एक तरी आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता ६४ टक्के असते. ९१ केल्या तर सरासरी चार-पाच. मग त्या चार-पाच आकड्यांसाठी पुन्हा रक्त, सोनोग्राफी, कुणी सांगितलं म्हणून सीटी स्कॅन, आणि महिनाभर घरात सुतकी चेहरे. अशी घरं पुण्यात काही कमी नाहीत, आणि ‘काहीतरी निघतंच’ ही म्हण तिथूनच आलेली आहे.

आता त्या ९१चा हिशोबही बघून घ्या. एका हिमोग्रामचेच (म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचेच) वीस-पंचवीस आकडे असतात, लघवीच्या साध्या तपासणीचे दहा-पंधरा, लिव्हरचे दहा-बारा, आणि प्रत्येक आकडा एक ‘तपासणी’ म्हणून मोजलेला असतो. मूळ तपासण्या आठ-दहाच. मोठा आकडा जाहिरातीसाठी. आणि गंमत अशी, की तुमच्या मिस्टरांना ज्या तीन गोष्टींची सगळ्यात जास्त गरज आहे, त्या घरी येऊन रक्त नेणाऱ्या पॅकेजमध्ये सहसा नसतातच. रक्तदाब, कमरेचा घेर आणि तोंडाची आतून तपासणी. तिन्हींना रक्ताचा एक थेंब लागत नाही.

म्हणून सुरुवात रक्तदाबापासून करा. तो १४८/९४चा आकडा वर्षभर अर्धवट लटकलेला आहे. पळत गेल्यामुळे बीपी वाढतं हे खरंच आहे, त्यांना खोटं पाडू नका. पण पळत गेल्याचं कारण असेल, तर शांत बसून पुन्हा मोजायला हवं होतं. ते राहिलं. कंपनीचं मेडिकल मुख्यतः माणूस कामाला योग्य आहे की नाही हे बघतं. दहा वर्षांनी त्याच्या हृदयाचं काय होईल, याचा विचार त्यात फारसा नसतो.

दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशीन दीड-दोन हजारांत मिळतं. मनगटावरचं घेऊ नका, हात थोडा वर-खाली झाला तरी आकडा बदलतो. घेण्यापूर्वी टेपने त्यांच्या दंडाचा मधोमध घेर मोजा. बहुतेक मशीनबरोबर येणारा मध्यम पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेरासाठी असतो. दंड ३४ असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. छोटा पट्टा आवळून बांधला की बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं.

मोजायची पद्धत नीट पाळा, कारण निम्मी चूक इथेच होते. आधीचा अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, जिना चढणं नाही. तंबाखूतलं निकोटीन थोडा वेळ बीपी वर नेतं. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसायचं, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले, मांडीवर मांडी नाही, पलंगाच्या कडेला लोंबकळत तर नाहीच. पाच मिनिटं गप्प. मोबाइल नाही, बातम्या नाहीत, तुमच्याशी बोलणंही नाही. हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवर नव्हे. बाही दंडाला काचेल इतकी वर गुंडाळूही नका, त्यापेक्षा हात शर्टातून बाहेर काढा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजून बघा आणि ज्या हातावर जास्त येतं, तो हात पुढे कायम धरा.

असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस. सकाळचं मोजमाप चहाच्या आधी. नाइट शिफ्ट असेल तर ‘सकाळ’ म्हणजे झोपून उठल्यावर, बसमधून उतरून घरात पाऊल टाकल्या टाकल्या नव्हे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर तो उच्च रक्तदाब समजायचा आणि डॉक्टरांकडे वही घेऊन जायचं. दवाखान्यात हीच सीमा १४०/९० असते, कारण तिथे माणूस थोडा ताणलेला असतो. सरासरी १२०/८०च्या आसपास आली तर छान, पळत जाण्याचं कारण खरं होतं म्हणा आणि वर्षातून एकदा मोजत राहा. मधे कुठे आली, तर दर सहा महिन्यांनी हाच आठवडा पुन्हा करा. कधी १८०/११०च्या वर आकडा दिसला, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर. त्याबरोबर छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यातलं काही असेल, तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका, १०८ला फोन करा.

सिंहगडाचं म्हणाल, तर ते चढतात हे उत्तमच आहे, त्यात कुणी मोडता घालू नये. पण वाढलेलं बीपी आतकरवाडीहून वर जाताना जाणवत नाही. वाढलेलं कोलेस्टेरॉलही नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत तीस-चाळीस टक्के थर साचलेला असला, तरी चढाला रक्त पुरेसं पोचतं, दमसुद्धा लागत नाही. आणि बरेच झटके अशाच, फारशा न अडलेल्या जागी येतात. तिथला थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि वाहिनी काही मिनिटांत बंद होते. ‘परवाच तर गड चढून आला होता’ हे वाक्य म्हणूनच इतक्यांदा ऐकू येतं.

हे मात्र त्यांना आवर्जून विचारा. चढताना छातीत दडपल्यासारखं, जबड्यात किंवा डाव्या हातात ओढल्यासारखं होतं का, आणि थांबलं की पाच मिनिटांत जातं का? मागच्या वर्षीपेक्षा दम लवकर लागतो का? यातल्या कशालाही ‘हो’ असेल, तर इथून पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी हृदयरोगतज्ज्ञ गाठा. तक्रार असलेल्या माणसाची तपासणी वेगळी आणि काहीच त्रास नसलेल्याची वेगळी. हे पुढचं सगळं दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

कमरेचा घेर मोजायला शिवणकामाची टेप पुरते. पँट जिथे बसते तिथे मोजू नका, पोट सुटलेला पुरुष पँट पोटाखाली नेसतो आणि वर्षानुवर्षं ‘माझी कंबर ३४च आहे’ म्हणतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध टेप, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही सीमा धरतात. त्याच्या वर गेलात तर वजन बेताचं असलं, तरी साखर आणि चरबी तपासायला हवी.

आता तोंड. वीस वर्षं तंबाखू म्हटल्यावर ही तपासणी त्यांच्यासाठी कोणत्याही रक्तचाचणीच्या वर आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसतं टॉर्च लावून तोंड बघितलं, आणि तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. २००५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड पाच वर्षांतून एकदा तपासावं असं आहे. तंबाखू खाणाऱ्याने तेवढं थांबू नये, वर्षातून एकदा डेंटिस्टकडून आणि महिन्यातून एकदा घरी आरशात बघावं.

घरी बघायचं तर चूळ भरून, हात धुऊन, उजेडात. तंबाखूची गोळी जिथे ठेवतात ती जागा पहिली. बहुतेकांची खालच्या ओठाच्या आत किंवा एका गालात ठरलेली असते. ओठ बाहेर ओढून, गाल बोटाने ताणून बघायचं. मग जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, जीभ टाळूला लावून तिच्या खालची जागा, शेवटी टाळू. घासूनही न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हलणारा दात, मानेत कडक गाठ यातलं काहीही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीला ते दुखत नाहीच. आणखी एक सोपी परीक्षा आहे. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी आत जातात का बघा. जात नसतील, मिसळीचा झणका पूर्वीसारखा सोसत नसेल, तर सुपारीने गालाचं अस्तर आखडत चाललेलं असू शकतं. सुपारी नसलेला नुसता तंबाखू घेत असतील, तर याची भीती कमी, पण चट्ट्यांची तेवढीच.

तंबाखू सोडायची तयारी झाली तर १८००-११२-३५६ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. निकोटीनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं, पण ते सतत चघळलं तर मळमळतं, उचक्या लागतात आणि माणूस ‘मला मानवत नाही’ म्हणून टाकून देतो. थोडं चावायचं, तोंडात चरचर जाणवली की गालात दाबून ठेवायचं, चरचर गेली की पुन्हा चावायचं. तंबाखूवाल्याला ही रीत शिकवावी लागत नाही, फक्त सांगावी लागते.

एवढं झाल्यावर रक्ताकडे येऊ. त्यांच्यासाठी यादी छोटी आहे. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हरसाठी एसजीपीटी, हिमोग्राम, आणि किडनीसाठीच सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण. वडील पन्नाशीच्या सुरुवातीला गेले म्हणून लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) आयुष्यात एकदा. हा आकडा बहुतांशी जन्मतःच ठरलेला असतो, खाण्यापिण्याने फारसा हलत नाही, त्यामुळे दरवर्षी करण्यात अर्थ नाही. पण तो जास्त निघाला, तर डॉक्टर कोलेस्टेरॉलबाबत जास्त कडक राहतात. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणीही प्रत्येकाने आयुष्यात एकदा करून टाकावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एक साधा ईसीजी काढून फाइलला ठेवा, पुढे कधी छातीत दुखलं तर तुलनेला ‘जुना’ ईसीजी हाताशी असतो. मात्र ईसीजी नॉर्मल आला म्हणजे झटका येणार नाही, असं कुणी समजू नये. तो त्या क्षणापुरतं सांगतो.

रक्त द्यायचा दिवस सिंहगडाच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका. एवढ्या चढ-उताराने स्नायूंतली एन्झाइम रक्तात येतात, एसजीओटी आणि थोडं एसजीपीटीही वाढलेलं दिसतं, लघवीत अल्ब्युमिन येतं. मग लिव्हर बिघडलं की किडनी, यावर घरात चर्चा सुरू होते. गडानंतर चार-पाच दिवस जाऊ द्या. सर्दी-ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे. आदल्या रात्री जेवण नेहमीचं, आठ-नऊला आटपलेलं. मग दहा-बारा तास पाण्याशिवाय काही नाही. अर्धा कप चहा हा चहाच असतो, आणि तंबाखूसुद्धा नको. सोळा-सतरा तास उपाशी राहून जास्त अचूक आकडा मिळत नाही, उलट बिघडतो. आठवडाभर गोड सोडून रिपोर्ट सुधारायची धडपडही करू नये. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगतं, त्याला दिवाळीचा फराळ आठवत असतो.

आकडे कसे वाचायचे? उपाशीपोटी साखर १००च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ आणि वर मधुमेह. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ आणि वर मधुमेह. काही त्रास नसताना पहिल्यांदाच वाढलेला आकडा आला, तर शिक्का मारण्याआधी वेगळ्या एखाद्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करतात. रक्तात लोह कमी असेल तर एचबीएवनसी फसवं जास्त दिसू शकतं, म्हणून हिमोग्राम सोबत हवा. लिपिडमध्ये ‘टोटल’ कोलेस्टेरॉलकडे बघून घाबरू नका आणि हायसंही वाटून घेऊ नका. टोटलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वजा करा. उरलेली संख्या डॉक्टरांना जास्त कामाची असते. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं, तर हिशोबाने काढलेलं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) भरवशाचं राहत नाही, एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं. आणि इथे लॅबच्या रेंजला चिकटून बसू नका. रिपोर्टवर एलडीएल ‘नॉर्मल’ असलं, तरी तंबाखू, वाढलेलं बीपी आणि पन्नाशीत गेलेले वडील या तिन्हींच्या जोडीला तेच एलडीएल जास्त ठरू शकतं. वडील किंवा भाऊ ५५च्या आत हृदयविकाराने गेला असेल, तर वैद्यकात त्याला वेगळं वजन आहे. ही गोष्ट रिपोर्टच्या कागदावर कुठेच छापलेली नसते, ती डॉक्टरांना तोंडानेच सांगावी लागते.

पॅकेजमधलं काय सोडायचं ते आता भराभर. ट्यूमर मार्कर म्हणून जे तीन-चार आकडे घातलेले असतात, ते लक्षण नसलेल्या माणसात कॅन्सर शोधण्यासाठी नाहीत. साध्या जळजळीनेही वाढतात, आणि कॅन्सर असताना नॉर्मलही येतात. स्त्रियांच्या अंडाशयासाठी वापरला जाणारा मार्कर पुरुषांच्या पॅकेजमध्ये घालणारी मंडळीही आहेत, त्यांना काय म्हणावं! काही त्रास नसताना ट्रेडमिलची स्ट्रेस टेस्ट नको, तिथे खोटे ‘पॉझिटिव्ह’ बरेच निघतात आणि मग अँजिओग्राफीपर्यंत गाडी जाते. टेस्टोस्टेरॉन उगाच नको, लक्षणं असतील तरच, तेही सकाळी आणि दोनदा. छातीचा एक्स-रे दरवर्षी काढून काही साधत नाही. पोटाची सोनोग्राफी केली तर आपल्या वयाच्या निम्म्या पुण्याला फॅटी लिव्हर निघेल, त्यावरचा उपाय कमरेच्या टेपने आधीच सांगितलेला असतो.

प्रोस्टेटची पीएसए चाचणी हा जरा नाजूक भाग. पन्नाशीला डॉक्टरांशी बोलून करायची की नाही ते ठरवावं. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर पंचेचाळिशीलाच. आधी बोलायचं कारण असं, की पीएसए वयानुसार वाढणाऱ्या साध्या प्रोस्टेटनेही वाढतं, आणि जे कॅन्सर सापडतात त्यातले काही इतके संथ असतात की माणसाला आयुष्यभर त्रास देणार नव्हते. करायची ठरली, तर आधीचे दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळा. लघवीला जंतुसंसर्ग झाला असेल, तर सहा आठवडे थांबा. केस गळतीसाठी फिनास्टेराइडची गोळी कुणी घेत असेल तर तसं सांगा, त्याने पीएसए जवळपास निम्म्यावर येतं आणि खोटा दिलासा मिळतो.

शौचातून रक्त जात असेल तर मात्र ‘मूळव्याध असेल’ म्हणून मलम लावत बसू नये. पन्नाशीच्या आसपास ती आधी डॉक्टरांनी बघायची गोष्ट आहे.

आता तयार कसं करायचं. ‘चला, सगळं चेकअप करून येऊ’ म्हटलं की हा माणूस दार लावून घेणार. त्याऐवजी मशीन आणून टेबलावर ठेवा आणि त्यांना सांगा की तुमचंच म्हणणं तपासून बघायचंय, पळाल्यामुळे बीपी वाढलं होतं का ते. सुपरवायझर माणूस आहे, मशीनचं रीडिंग रोज रजिस्टरला लिहिणं त्याला परकं नाही. वही त्यांनाच लिहू द्या. तुम्ही आकडा वाचून नाक मुरडू नका, एवढं मात्र सांभाळा, नाहीतर तिसऱ्या दिवशी वही बंद. दरम्यान कंपनीच्या मेडिकलचे मागच्या तीन-चार वर्षांचे रिपोर्ट कपाटातून काढून वजन, बीपी, साखर, क्रिएटिनिन वर्षवार एका कागदावर मांडा. एकेकटे नॉर्मल असलेले आकडे ओळीने लावले की चढ दिसतो, साखर ८८, ९४, ९९ अशी. डॉक्टरांना हा एक कागद ९१ आकड्यांपेक्षा उपयोगी.

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी फॅमिली डॉक्टरांची वेळ घ्या. वही, तो कागद आणि रक्ताचे रिपोर्ट सगळं एकाच भेटीत. तुम्ही सोबत जा, पण पाच मिनिटं त्यांना आत एकटं सोडा. काही गोष्टी पुरुष बायकोसमोर डॉक्टरांना सांगत नाहीत. लघवीची धार, रात्री उठावं लागणं, आणि लैंगिक ताठरता कमी होणं. ही शेवटची तक्रार केवळ ‘तसली’ नसते. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे वाहिन्यांचा आजार तिथे आधी जाणवतो, कित्येकदा हृदयाचा त्रास सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधी. रस्त्यावरच्या भिंतींवर जाहिरात असलेल्या गोळ्या घेऊन ती दाबली, तर इशारा वाया जातो. मन लागत नाही, चिडचिड, जगण्यात रस नाही असं असेल तर तेही तिथेच बोलावं. दवाखान्यात नकोसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्याऐवजी तुम्हीच डॉक्टरांना सांगायची : घोरणं. मोठ्याने घोरताना मधेच श्वास थांबतो आणि मग गचका देऊन सुरू होतो, असं तुम्ही पाहिलं असेल, तर ते त्यांना स्वतःला कधीच कळलेलं नसतं. झोपेत श्वास अडण्याचा हा आजार बीपी वाढवतो आणि गोळ्यांना दाद देऊ देत नाही. शिफ्टनंतर बसमध्ये लागणारी गाढ झोप नेहमीच थकव्याची असेल असं नाही.

डॉक्टरांनी गोळी लिहिली तर घरात पुढचं वाक्य ठरलेलं आहे, ‘एकदा सुरू झाली की जन्मभर.’ बीपीच्या गोळीची सवय लागत नाही. गोळी थांबवली की बीपी पुन्हा वाढतं ते मूळ कारण तसंच असतं म्हणून. दोन महिन्यांनी १२४/७८ दिसलं की बरेच जण स्वतःच गोळी बंद करतात, कारण ‘आता नॉर्मल आहे’. ते नॉर्मल गोळीने आणलेलं असतं. कंबर खरोखर कमी झाली, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आलं (घरातलं, लोणचं, पापड, फरसाण सगळं धरून सपाट चमचाभर), तर डोस कमी होऊ शकतो, कधी सुटूही शकतो. पण तो निर्णय वही बघून डॉक्टरांनी घ्यायचा.

खर्चाचं म्हणाल, तर तिशीपुढच्यांसाठी बीपी, साखर आणि तोंडाची तपासणी सरकारच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत आणि ‘आपला दवाखाना’ केंद्रांत मोफत होते. महापालिकेचं जवळचं केंद्र कुठे आहे, ते तुमच्या वॉर्डात आशाताईंना विचारा. बाहेर लॅबमध्ये करायचं तर रिपोर्टवर एनएबीएलची (लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का बघा आणि दरवर्षी तीच लॅब धरा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतात. जुन्या करपद्धतीने रिटर्न भरत असतील, तर प्रतिबंधक तपासणीचे पाच हजारांपर्यंत प्राप्तिकरातल्या आरोग्यविम्याच्या वजावटीच्या एकूण मर्यादेत धरता येतात, रोख दिले असले तरी. पावती ठेवा.

तुमच्या पत्रात दिरांचा उल्लेख नाही. मिस्टरांना भाऊ असेल, तर वडील त्याचेही ५२ला गेलेले आहेत, तो जास्त ‘धडधाकट’ असला तरी. आता मशीन घरात आलंच आहे, तर पुढच्या वेळी तो जेवायला येईल तेव्हा जेवणाच्या आधी त्याचंही मोजून घ्या. जेवल्यावर नको. पॅकेज शोधणारा तुमचा मुलगा १८चा झाला असेल तर त्याचंही, आणि एकदा त्याचं लिपिड प्रोफाइल करून ठेवा.